केल्टिक शिलालेखांतली नावे वाचायला चार मोफत संकेतस्थळे: नागपूरच्या वाचकांसाठी परीक्षण

पवनीच्या स्तूपाचे दानलेख ज्यांनी वाचले आहेत, त्यांना आयर्लंडमधला ओगम दगड (कडेवर ओगम लिपीच्या रेघांनी नाव कोरलेला स्मारकदगड) फार परका वाटू नये. पवनीला दात्याचे नाव षष्ठीत येते आणि पुढे ‘दान’. ओगम दगडावरही नाव षष्ठीतच असते आणि त्यापुढे बापाचे नाव, तेही षष्ठीत. ‘दगड’ किंवा ‘स्मारक’ हा शब्द बहुधा कोरलेलाच नसतो, तो वाचणाऱ्याने मनात धरायचा. ज्याला विभक्ती ओळखता येते त्याचे अर्धे काम झाले.

नागपुरात ही सवय असलेली माणसे पुष्कळ आहेत. वाकाटकांच्या लेखांचा संग्रह (१९६३) संपादणारे वा. वि. मिराशी इथलेच. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरात आहे, विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचा विभाग आहे. नंदिवर्धनाच्या ताम्रपटांवर हात बसलेल्या वाचकाला युरोपातल्या केल्टिक (आयरिश, वेल्श, गॉलिश यांच्या भाषाकुळातल्या) नावांकडे वळावेसे वाटले तर घरबसल्या काय मिळते, हे सांगण्यासाठी हे परीक्षण. चारही संकेतस्थळे मोफत आहेत: ओगम इन थ्रीडी, सेल्टिक इन्स्क्राइब्ड स्टोन्स प्रोजेक्ट, रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन आणि लेक्सिकॉन लेपॉन्टिकम.

आमचे मत आधीच सांगतो. नावाचा अर्थ सांगणारे संकेतस्थळ सर्वांत शेवटी उघडावे. आधी दगड, मग अक्षरे, मग प्रत्यय, मग तेच नाव आणखी कुठे आले आहे ते, आणि मग अर्थ. हा क्रम पाळायला जे संकेतस्थळ मदत करते ते चांगले, या एकाच कसोटीवर पुढचे सगळे गुण दिले आहेत.

(लेखांतली अक्षरे इथे देवनागरीत दिली आहेत. ओगममधल्या ‘क’च्या दोन वेगळ्या खुणांपैकी चार रेघांची ती ‘क’ आणि पाच रेघांची ती ‘क्व’. संकेतस्थळावर शोधताना अर्थात रोमन लिपीतच टाइप करायचे.)

ओगम इन थ्रीडी

डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीजच्या केल्टिक विभागाचे हे काम. चौघांत हेच आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते, आणि त्याचे कारण साधे आहे: इथे दगड दिसतो. ज्या दगडांचे स्कॅन झाले आहे ते पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवता येतात, कडा जवळ आणून पाहता येते. शिवाय प्रत्येक दगडाच्या पानावर जागा, मापे, आधीच्या अभ्यासकांनी केलेल्या नोंदी, वाचन आणि टिपण असते. मॅकॅलिस्टर यांनी १९४५ साली छापलेल्या संग्रहातला क्रमांकही दिलेला असतो, त्यामुळे जुन्या लेखांतले संदर्भ लगेच जुळतात.

दगड दिसण्याला इतके महत्त्व का, ते ओगमची रचना पाहिली की कळते. या लिपीत अक्षराला आकृती नाही, फक्त रेघांची संख्या आहे. दगडाची उभी कड ही मधली रेषा. तिच्या उजवीकडे एक ते पाच रेघा म्हणजे ब, ल, व, स, न. डावीकडे एक ते पाच म्हणजे ह, द, त, क, क्व. कडेला तिरपे छेदणाऱ्या एक ते पाच रेघांत म, ग आणि र येतात. त्यांच्या मधल्या दोन खुणा शिलालेखांत खात्रीने फारशा सापडत नाहीत. स्वरांना रेघा नाहीत, थेट कडेवरच एक ते पाच खाचा: अ, ओ, उ, ए, इ. असे सुमारे ४०० लेख माहीत आहेत, बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेत, केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या भागांत, थोडे वेल्समध्ये.

आता चूक कुठे होते ते पाहा. चौथी रेघ दिसली आणि पाचवी झिजली तर ‘क्व’चा ‘क’ होतो. दोन ‘अ’ जवळजवळ कोरले तर ‘ओ’ वाटतो, कारण दोन्हींत खाचा दोनच, फरक फक्त अंतराचा. आणि स्वर कडेवर असल्याने पाऊस, गुरांचे अंग घासणे, दगड उचलून दुसरीकडे बसवणे, या सगळ्यांत आधी जातो तो स्वरच. इथे दुखणे असे आहे की विभक्तीचा प्रत्यय स्वरावरच उभा आहे. म्हणजे कोण कोणाचा मुलगा हे ज्या खुणेवरून ठरायचे, नेमकी तीच खूण सर्वांत आधी पुसली जाते. छापील वाचनात ‘इ’ दिसतो तेव्हा तो दगडावर आहे की संपादकाने भरला आहे, हे मॉडेल फिरवून पाहिल्याशिवाय समाधान होत नाही. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातल्या झिजलेल्या लेखापुढे कोवळे ऊन तिरपे येण्याची वाट पाहत बसावे लागते, तीच सोय इथे हवी तेव्हा मिळते.

दिशेचाही प्रश्न आहे. ओगम साधारणपणे खालून वर वाचतात. दगड उलटा रोवला गेला असेल, किंवा शेतकऱ्याने दाराच्या चौकटीवर आडवा टाकला असेल, तर खाली कोणती बाजू होती हे आधी ठरवावे लागते. यासाठी एक हुकमी शब्द आहे: ‘मक्वि’, म्हणजे ‘मुलाचा’. तो उलट्या दगडावर कसा दिसेल ते कागदावर करून पाहावे. क्रम उलटतो: इ, क्व, अ, म. शिवाय डावीकडच्या रेघा उजवीकडे जातात, म्हणून पाच रेघांचा ‘क्व’ आता ‘न’ वाचला जातो. खाचा आणि तिरप्या रेघा तशाच राहतात. हाती येते ‘इनम’. वाचनाच्या मध्यभागी ‘इनम’ आले की दगड फिरवायचा.

दिशा ठरली की प्रत्यय. नेहमी भेटणारे चार आहेत. शेवटी ‘इ’ असेल तर ते नाव आपल्या अकारान्त पुल्लिंगी गटासारखे. ‘ओस’ असेल तर इकारान्त किंवा उकारान्त. ‘अस’ असेल तर व्यंजनान्त, आणि ‘इअस’ असेल तर बहुधा स्त्रीलिंगी. सावध राहायचे ते ‘अस’बद्दल, कारण अकारान्त गटाची प्रथमाही या भाषेत ‘अस’ अशीच होते. दगडावर प्रथमा क्वचित येते, म्हणून ‘अस’ दिसले की आधी षष्ठी धरावी. प्रत्ययच नसेल तर लेख बहुधा उशिराचा असतो. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास आयरिशमधली शेवटची अक्षरे गळाली, आणि ‘कुनगुस्सोस’सारख्या नावाचे पुढे ‘कोंगुस’ झाले. मात्र कोरणारे जुने रूप जपून लिहीत असत, तेव्हा केवळ प्रत्ययावरून दशक ठरवू नये. जोडून आलेली दुहेरी व्यंजने (क्क, द्द, त्त) नवख्याला फार अर्थपूर्ण वाटतात. त्यांत ठाम नियम सापडत नाही, म्हणून शोधताना एकेरी आणि दुहेरी दोन्ही रूपे टाकावीत.

‘मक्वि’च्या जोडीला ‘मुकोइ’ (या कुळातला), ‘अवि’ (वंशज, नातू), ‘अन्म’ (नाव) आणि ‘केलि’ (अनुयायी) एवढे शब्द पाठ केले की बहुतेक लेख उलगडतात. उरतात ती नावे.

आणि इथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. कॉर्कमधल्या बॅलिक्रोव्हेनचा दगड हा ओगम दगडांत सर्वांत उंच, सुमारे पाच मीटर. त्यावर वाचतात ते असे: ‘मक्वि देक्केद्दस अवि तुरनिअस’. सरळ अर्थ लावला तर ‘देक्केद्दाच्या मुलाचा...’, आणि मुलाचे नाव कुठे गेले म्हणून शोधाशोध सुरू होते. ते कुठेही गेलेले नाही. ‘मक्वि-देक्केद्दस’ हेच माणसाचे नाव आहे. पुरावा डेव्हनमधल्या टॅव्हिस्टॉकच्या दगडावर, लॅटिन लिपीत: ‘सरिनि फिलि मक्कोदेखेति’. ‘फिलि’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मुलाचा’. ‘मुलाचा’ हा शब्द आधीच आलेला असताना पुन्हा ‘मक्को’ येतो, म्हणजे तो नात्याचा शब्द राहिलेला नाही, नावात मुरला आहे. अँगलसीतल्या पेन्रोस्लुग्वी इथल्या दगडावरही हेच नाव आहे. गोतमीपुत सातकर्णी वाचणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ओगमात ‘मक्वि’ आले की दरवेळी विचारायचे: हा ‘पुत’ नाते सांगणारा की नावातला?

या संकेतस्थळाची मर्यादा म्हणजे सगळ्याच दगडांचे मॉडेल नाही. मॉडेल फिरवायला लॅपटॉप हवा, साध्या फोनवर दम लागतो. ग्लासगो आणि मेनूथ विद्यापीठांनी याच पायावर पुढे आयर्लंडबाहेरच्या ओगम लेखांचे काम हाती घेतले, तेही सोबत पाहावे.

सेल्टिक इन्स्क्राइब्ड स्टोन्स प्रोजेक्ट

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा हा माहितीसाठा. १२०० हून अधिक लेख, साधारण इसवी सन ४०० ते १००० मधले. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नैर्ऋत्य इंग्लंड आणि ब्रिटनी एकाच ठिकाणी. मांडणी जुन्या वळणाची आहे, चित्रे कमी, आणि पहिल्या नजरेत ओढ वाटावी असे काही नाही. तरी हा सोडू नये. याचे कारण, एका लेखाची वेगवेगळ्या अभ्यासकांनी केलेली वाचने इथे वर्षासकट एकाखाली एक दिलेली असतात. एकाने ‘ए’ वाचला, दुसऱ्याने ‘इ’, तिसऱ्याने जागा रिकामी ठेवली, हे समोर दिसते. वाचनात किती एकमत आहे हे ज्या नावाबद्दल कळत नाही, त्याच्या अर्थावर वेळ घालवण्यात काही राम नाही. दगडावर किती नावे आहेत, ती कोणत्या भाषेतली, स्त्रीची की पुरुषाची, याचीही नोंद असते.

वापर कसा करायचा ते एका दगडावरून दाखवतो. वेल्समधल्या कॅस्टेल ड्वायरनचा दगड, आता कार्मार्थनशरच्या संग्रहालयात आहे. लॅटिन लिपीत: ‘मेमोरिआ वोतेपोरिगिस प्रोतिक्तोरिस’. कडेला ओगममध्ये एकच शब्द: ‘वोतेकोरिगस’. एकाच माणसाचे नाव दोन भाषांत. लॅटिनमधला ‘इस’ आणि ओगममधला ‘अस’, दोन्ही षष्ठीच, म्हणून मूळ नाव ‘-रिक्स’ या पदाने संपणारे. मधला फरक पाहा: एकीकडे ‘पो’, दुसरीकडे ‘को’. हा कोरणाऱ्याचा हात चुकलेला नाही. जुना ‘क्व’ ब्रिटनकडच्या केल्टिकमध्ये ‘प’ झाला, आयरिशमध्ये आधी ‘क्व’ राहिला आणि मग ‘क’ झाला. दगडावर दोन्ही भाषांचे उच्चार शेजारी शेजारी उभे आहेत. अर्थ ‘आश्रय’ आणि ‘राजा’ या दोन पदांतून निघतो, आणि शेजारचा ‘प्रोतिक्तोरिस’ म्हणजे ‘रक्षकाचा’ हा लॅटिन शब्द त्या अर्थाशी मिळताजुळता आहे.

या माणसाची सांगड सहाव्या शतकातल्या गिल्डास या ब्रिटनमधल्या धर्मगुरूच्या ग्रंथातल्या व्होर्टिपोरिउस या राजाशी खूप वर्षे घातली जात होती. आता त्यावर शंका घेतली जाते, कारण त्या नावात पहिल्या पदाला ‘र’ आहे आणि दगडावर नाही. ‘वोर’ आणि ‘वो’ हे दोन वेगळे उपसर्ग, एक ‘वर, अति’ या अर्थाचा, दुसरा ‘खाली’ या अर्थाचा. एका अक्षराने राजा हातचा जातो. म्हणून आधी अक्षर.

रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन

१९६५ साली कॉलिंगवुड आणि राइट यांचा पहिला छापील खंड आला, त्यावर उभे राहिलेले हे संकेतस्थळ. दिसायला सर्वांत नीटनेटके. प्रत्येक लेखाला क्रमांक, सापडण्याची जागा, आजचा ठाव, रेखाटन, लॅटिन पाठ, इंग्रजी भाषांतर, टिपण आणि नंतरच्या दुरुस्त्या. या शेवटच्या दुरुस्त्यांसाठी आम्ही याला जास्त गुण देतो. लोक वरचा पाठ आणि भाषांतर वाचून थांबतात, आणि ज्या नावाचे वाचन बदलले आहे तेच जुने नाव पुढे चालवतात.

नागपूरच्या वाचकाने इथे आधी कंस शिकून घ्यावेत. एपिग्राफिया इंडिकाच्या सवयीने इथले कंस वाचले तर घोळ होतो. आपल्या जुन्या संपादनांत चौकोनी कंसातले अक्षर बहुधा अस्पष्ट किंवा खराब झालेले असते आणि गोल कंसात दुरुस्ती असते. इथे लायडन पद्धत आहे: चौकोनी कंस म्हणजे अक्षर दगडावरून गेलेच आहे आणि संपादकाने भरले आहे, गोल कंस म्हणजे कोरणाऱ्याने आखूड लिहिलेला शब्द पूर्ण केला आहे, अक्षर अर्धवट दिसत असेल तर त्याखाली टिंब. ज्या अक्षराखाली टिंब आहे त्याला दुसरा अर्थ असू शकतो. चौकोनी कंसातल्या अक्षरावर तर नावाची व्युत्पत्ती उभी करूच नये.

याचे ठळक उदाहरण म्हणजे चिचेस्टरचा लेख, क्रमांक ९१, सापडला १७२३ साली. त्यात एका स्थानिक राजाचे नाव आहे, पण दगड फुटल्याने सुरुवातच गेली आहे आणि उरले आहे ते ‘गिदुब्नि’. पुस्तकांतून ‘कोगिदुब्नुस’ हे नाव घट्ट बसले, पण ‘को’ दगडावर नाही, तो टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांवरून आणला आहे. हस्तलिखितांत ‘को’ आणि ‘तो’ दोन्ही आढळतात. केल्टिकमध्ये ‘तोगि-’ हे पद इतर नावांत भेटते, म्हणून ‘तोगिदुब्नुस’कडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. याच लेखात राजाच्या पदवीचे जुने वाचन ‘राजा आणि सम्राटाचा लेगेट (प्रतिनिधी)’ असे होते. बोगार्स यांनी १९७९ साली ‘महाराज’ असे वाचले आणि तेच आता मानले जाते. भरलेल्या अक्षरांवर इतिहास किती वर्षे चालतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही.

रॉक्सेटरचा दगड, क्रमांक ३१४५, बॅलिक्रोव्हेनच्या शेजारी ठेवून वाचावा: ‘कुनोरिक्स माकुस मक्वि कोलिने’. इथे ‘माकुस’ लॅटिन वळणाने घातलेला ‘मुलगा’, आणि लगेच पुन्हा ‘मक्वि’. म्हणजे कुनोरिक्स हा ‘मक्वि-कोलिने’ नावाच्या माणसाचा मुलगा. नंतरच्या आयरिश नोंदींत हेच नाव ‘मॅक कुलिन्न’ म्हणून येते. दुसरे पद ‘होली’ या काटेरी पानांच्या झाडाचे. झाडावरून असे आणखी एक नाव ओगममध्ये आहे, ‘मक्वि-कइरतिनि’, रोवन झाडावरून.

बाथच्या शापपत्रांसाठीही हेच संकेतस्थळ. शिशाच्या पातळ पत्र्यांवर चोराला शाप देणारे हे मजकूर नावांनी भरलेले आहेत, आणि ती साध्या माणसांची नावे आहेत. क्रमांक १५४ मध्ये प्रत्येक शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहिली आहेत. मजकूर असा की, ‘ज्याने माझ्याकडून विल्बिआ नेली तो पाण्यासारखा पातळ होवो’, आणि पुढे संशयितांची यादी. शंभर वर्षे विल्बिआ ही पळवलेली मुलगी समजली गेली. पण या नावाला दुसरीकडे आधार मिळत नाही. पॉल रसेल यांनी २००६ मध्ये मांडले की ही मुलगी नसून चोरीला गेलेली वस्तू असावी, टोकदार हत्यारासारखी. शापपत्रांत चोरी होते ती बहुतेक वस्तूंचीच, अंगरखा, भांडे, पैसे, म्हणून आम्हाला हे पटते. नाव म्हणून नोंदलेला शब्द खरेच नाव आहे का, ही तपासणी यादीत पहिली असावी.

उलट अडचणही येते. साउथ शील्ड्सचा लेख, क्रमांक १०६५: पाल्मिरा या सीरियातल्या शहराच्या बरातेस नावाच्या माणसाने आपल्या बायकोसाठी उभारलेला दगड. ती कातुवेल्लौनी जमातीची, वय ३०, नाव रेगिना. खाली पाल्मिराच्या लिपीत एक ओळ. रेगिना हे लॅटिनमध्ये ‘राणी’. पण गॉलच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) केल्टिकमध्येही राणीला ‘रिगनि’ म्हणत. लॅटिन ऐकणाऱ्याला लॅटिन आणि घरच्यांना घरचे वाटेल अशी नावे रोमन प्रांतांत मुद्दाम निवडली जात. रेगिना तशी निवडली होती की नाही हे दगड सांगत नाही. ‘लॅटिन’ असा शिक्का मारून पुढे जाऊ नये, एवढेच.

भाषांतरातली नावे संपादकाने प्रथमेत करून दिलेली असतात. शोध घेताना ती वापरू नका. पाठातले रूप घ्या, प्रत्यय काढा आणि उरलेला तुकडा टाका.

लेक्सिकॉन लेपॉन्टिकम

व्हिएन्ना विद्यापीठाचे काम, उत्तर इटली आणि लगतच्या स्वित्झर्लंडमधल्या केल्टिक लेखांसाठी. विकीच्या धर्तीवर बांधलेले: वस्तूचे पान वेगळे, लेखाचे वेगळे, शब्दाचे वेगळे आणि शब्दातल्या पदाचे व प्रत्ययाचेही वेगळे. व्याकरण आवडणाऱ्याला इथून उठवत नाही. नवख्याला मात्र जड जाईल, हे सांगितले पाहिजे.

इथल्या लुगानो लिपीत क आणि ग, त आणि द, प आणि ब यांना एकेकच अक्षर आहे. तमिळ लिपी ज्यांना येते त्यांना याची सवय असेल. म्हणून लेखातला ‘त’ हा खरोखर ‘त’ की ‘द’ ते बाहेरच्या पुराव्यावरून ठरवावे लागते. या संकेतस्थळाचा प्रामाणिकपणा असा की दगडावरचे रूप आणि लावलेला अर्थ यांची सरमिसळ होत नाही.

तोदी या उंब्रियातल्या गावचा द्विभाषिक दगड इथे आधी वाचावा. मूळ दगड व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. केल्टिक बाजूला ‘कोइसिस त्रुतिक्नोस’, लॅटिन बाजूला ‘कोइसिस द्रुतेइ फ’, म्हणजे द्रुतुसचा मुलगा कोइसिस. दोन ओळी एकमेकींखाली ठेवल्या की दोन गोष्टी सिद्ध होतात. लिपीतला ‘त्रु’ हा ‘द्रु’ आहे, आणि ‘-इक्नोस’ हा प्रत्यय ‘चा मुलगा’ सांगतो. गॉलमधल्या लार्झाकच्या शिशाच्या पत्र्यावर (सापडला १९८३) हाच प्रत्यय स्त्रीलिंगी रूपात येतो: ‘सेवेरा तेर्तिओनिक्ना’. त्याच पत्र्यावर ‘दुख्तिर’ आहे, आपली दुहिता, आणि ‘मातिर’ही.

लुगानोजवळच्या दावेस्कोचा लेख दुसरा: ‘स्लनिअइ वेर्कलइ पल, तिसिउइ पिवोतिअलुइ पल’. इथे षष्ठी नाही, चतुर्थी आहे: स्त्रीसाठी ‘-अइ’, पुरुषासाठी ‘-उइ’. बापाचे नाव ‘-अल-’ या प्रत्ययाने. म्हणजे वेर्कोसची मुलगी स्लनिआ हिच्यासाठी शिळा आणि पिवोतिओसचा मुलगा तिसिओस याच्यासाठी शिळा. ओगममध्ये बाप वेगळ्या शब्दाने जोडतात, इथे प्रत्ययाने. एका प्रदेशाचा नियम दुसऱ्याला लावला तर बाप आणि आडनाव यांची गल्लत ठरलेली.

मग अर्थ

आता केंब्रिजचे म्युलन आणि रसेल यांनी रोमन ब्रिटनमधल्या केल्टिक व्यक्तिनामांचे जे संकेतस्थळ २००९ मध्ये केले, ते उघडायला हरकत नाही. नावांचे घटक वेगळे काढून पाहायला ते बरे पडते.

संस्कृत येणाऱ्याला या घटकांत ओळखीचे बरेच भेटते. ‘रिक्स’ आणि राजन्. ‘कुनो’ म्हणजे शिकारी कुत्रा, आणि श्वन्, शुनः. कुत्र्याचे नाव माणसाला देण्यात कमीपणा नव्हता. आपल्याकडे शुनक आणि शुनःशेप ऋषींच्या कथांत आहेतच. ‘सेगो’ म्हणजे विजय, बळ, आणि सहस्. वेझों-ला-रोमेनच्या ग्रीक लिपीतल्या लेखात ‘सेगोमारोस विल्लोनेओस’ आहे, विल्लूचा मुलगा, नीमचा नागरिक. त्याने बेलेसामा देवीला पवित्र जागा दिली. दुसरे पद ‘मारोस’ म्हणजे मोठा. घोडा गॉलमध्ये ‘एपो’, ओगममध्ये ‘एक्वो’, संस्कृतात अश्व. वोतेपोरिक्सच्या दगडावरचा प आणि क यांचा फरक तोच.

मात्र ही जुळणी नियमाने होते, कानाने नाही. ‘सेगो’ आणि सहस् ऐकायला दूर वाटतात, पण मुळातला एकच व्यंजन संस्कृतात ह होतो आणि केल्टिकमध्ये ग, आणि तसे शब्द आणखी दाखवता येतात. ‘कुनो’ आणि कुणाल ऐकायला जवळ, पण त्यांचा संबंध नाही. ‘द्रुतुस’ आणि द्रुत यांचेही तसेच. बाळाची नावे सुचवणारी जी संकेतस्थळे केल्टिक नावांचे एका ओळीत अर्थ देतात, ती कानावरच चालतात. कुठल्या दगडावर, कुठल्या विभक्तीत, कितव्या शतकात याचा पत्ता नसतो. त्यांवर विसंबून काही लिहू नये.

दोन पदांच्या नावाचा समास सोडवून वाक्य करण्याचा मोहही टाळावा. कुनोरिक्सचा अर्थ ‘कुत्र्यांचा राजा’ की ‘कुत्र्यासारखा शूर राजा’ यावर भांडण्यात हाशील नाही. प्रवरसेन, रुद्रसेन, दामोदरसेन यांत ‘सेन’ जसा घराण्यात फिरतो, तशीच केल्टिक पदे घराण्यात फिरत आणि नवी जोडी बने. पदांचे अर्थ नोंदवावेत, जोडीचा अर्थ नोंदवताना ‘बहुधा’ लिहावे. आणि शेवटी ‘आ’ आहे म्हणून स्त्री ठरवू नये: सीझर सांगतो त्या गॉलमधल्या सुएस्सिओनेस जमातीच्या राजाचे नाव गाल्बा होते.

वापरताना

शोधात व्ही आणि यू दोन्ही टाकून पाहावेत, कारण लॅटिन लेखांत दोघांना एकच अक्षर असते आणि संकेतस्थळे ते आपापल्या पद्धतीने छापतात. शब्दाच्या मध्ये कंस आला असेल तर पूर्ण शब्द शोधून कधी कधी काहीच हाती लागत नाही. तीन-चार अक्षरांचा सलग तुकडा टाकावा. ओगम खुणांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, पण संगणकात फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात. शोध रोमन अक्षरांतच करावा. तेच नाव युरोपभर कुठे आले आहे ते पाहायला क्लाउस-स्लाबी हा पाच लाखांहून अधिक लॅटिन लेखांचा मोफत साठा आहे, पण त्यात पाठच प्रामुख्याने मिळतो, म्हणून तिथून क्रमांक घेऊन मूळ संपादनाकडे जावे.

आमचे गुण: ओगम इन थ्रीडी पाचपैकी साडेचार, रोमन इन्स्क्रिप्शन्स साडेचार, लेक्सिकॉन लेपॉन्टिकम चार, सेल्टिक इन्स्क्राइब्ड स्टोन्स साडेतीन, या शेवटच्याचा अर्धा गुण फक्त मांडणीमुळे गेला.

गटाने वाचायचे असेल तर पहिल्या बैठकीला वेल्समधल्या एग्लुइस गिमिनचा दगड घ्यावा. लॅटिनमध्ये ‘अवितोरिआ फिलिआ कुनिग्नि’, ओगममध्ये ‘इनिगेन कुनिग्नि अवित्तोरिगेस’. दोन्हींत तीनच शब्द, एकाच स्त्रीबद्दल. क्रम वेगळा आहे, ‘फिलिआ’ला उत्तर देणारा ‘मुलगी’ हा शब्द ओगममध्ये ‘इनिगेन’ आहे, बापाच्या नावाचा प्रत्यय दोन्हींकडे ‘इ’ आहे आणि तिच्या नावाचा नाही. कुनिग्नुसमध्ये तोच ‘कुनो’ आहे, पुढे लहानपणा दाखवणारा प्रत्यय. प्रत्येकाने आधी स्वतः विभक्ती लावून कागदावर उतरवावे, मग स्टोन्स प्रोजेक्टवरची निरनिराळी वाचने उघडावीत आणि आपले कुठे वेगळे पडले ते पाहावे.